भाऊजींची वाचा

वहिनींना अख्खी गल्ली वहिनीच म्हणायची, वयाने मोठी माणसंसुद्धा. बोलायला मऊ, कामाला चिवट, आणि एकदा मनात धरलेली गोष्ट मरेस्तोवर न सोडणारी बाई. काळ हे मोठं औषध आहे म्हणतात. वहिनींच्या बाबतीत काळ नुसता जात राहिला, औषधबिवषध काही झालं नाही. त्यांना एकच हवं होतं. धाकट्या दिराने चार माणसांत उभं राहून म्हणावं, की हो, वहिनींची तक्रार मीच केली होती. माफी नको, भरपाई नको. एवढं एकच वाक्य, सगळ्यांना ऐकू जाईल असं.

तक्रार कसली, ते आधी सांगायला हवं.

वहिनींचा नवरा सोफ्यांना आणि खुर्च्यांना गाद्या बसवायचा. घराच्या पुढच्या खोलीत त्याने स्वतःचा कारखाना काढला. कारखाना म्हणजे काय, एक लांब बाक, दोन लाकडी घोड्या आणि कोपऱ्यात काथ्याचा ढीग. धाकटा भाऊ शाळेतून सारखा पळून यायचा, म्हणून त्यालाही हाताखाली घेतलं, हातोडी कशी धरायची इथपासून शिकवलं. पुढे कापसाची आणि काथ्याची धूळ छातीत बसून थोरला खोकत खोकतच गेला. कारखाना आपसूक धाकट्याकडे आला. वहिनींकडे मागच्या दोन खोल्या, शिलाई मशीन आणि शाळेत जाणारी मुलगी राहिली.

नवरा गेलेल्या बाईला सरकार भत्ता द्यायचं. अट एवढीच, की बाईची स्वतःची कमाई नको. आता गंमत अशी, की त्या भत्त्यात घर चालत नव्हतं आणि त्याच्याशिवायही चालत नव्हतं. ज्याने हा नियम केला त्याने कधी महिन्याचं सामान आणलं नसावं. दिरानेच तोड काढली. "वहिनी, घरबसल्या कव्हरं शिवून द्या मला. कोण बघायला येतंय?" तो देईल ते वहिनी घ्यायच्या. तो द्यायचाही अगदी जेमतेम, आणि वर उपकार केल्यासारखा.

आणि हाच माणूस संध्याकाळी कोपऱ्यावरच्या चहाच्या दुकानात बसून जगाला शहाणपण शिकवायचा. गल्ली त्याला शेठ म्हणायची. निम्मे लोक आदराने म्हणायचे, निम्मे चेष्टेने, पण त्याला सगळेच आदराने म्हणतात असं वाटायचं.

"मला कोणी काय दिलं?" तो बशी खाली ठेवत म्हणायचा. "दहा बोटं दिली, बस. फुकट मिळायला लागलं की माणसाचे हातपाय गळतात. लंगड्याला कुबडी द्या, माझं काही म्हणणं नाही. पण धडधाकट माणसाला कुबडी दिलीत, तर तो लंगडायला शिकतो."

ऐकणारे माना डोलवायचे. खरं सांगायचं, तर यातलं अर्धं वहिनींनाही पटायचं. भत्त्याच्या रांगेत उभं राहताना त्यांना मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं, आणि रांगेत अशी काही माणसं दिसायची की ज्यांना खरंच धरून कामाला जुंपावं. पण ‘मला कोणी काय दिलं’ हे वाक्य आलं, की त्यांची तळपायाची आग मस्तकात जायची. ज्या बाकावर बसून हा शेठ झाला, तो बाक त्यांच्या नवऱ्याने केला होता. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, दुसरं काय.

एकदा पलीकडच्या रस्त्यावरच्या फर्निचरवाल्याने वहिनींची शिलाई पाहिली आणि दिराच्या दुप्पट दर देऊ केला. वहिनींनी काम घेतलं. लपवलं नाही, दिराला सांगितलं. तो हसून म्हणाला, "छान झालं की." महिना उलटायच्या आत भत्त्याच्या ऑफिसातून तपासनीस दारात. मशीनच्या सुईखाली अर्धं शिवलेलं मखमली कव्हर तसंच होतं. तपासनीस वाईट माणूस नव्हता. जाता जाता हळूच म्हणाला, "बाई, तक्रार घरच्याच माणसाची आहे. मी तरी काय करू?"

भत्ता बंद झाला. नावापुढे शिक्का बसला, की या बाईने सरकारला फसवलं, पुन्हा कधी काही द्यायचं नाही. ऑफिसच्या भानगडीला घाबरून फर्निचरवाल्याने काम काढून घेतलं. वहिनींना परत दिराच्याच दारात जावं लागलं, आणि त्याने दर पूर्वीपेक्षा खाली आणला. मुलगी तोवर नर्सचं शिक्षण घ्यायला लागली होती. ते अर्धवट सोडून ती कापडाच्या दुकानात उभी राहिली, ती आजतागायत उभीच आहे.

वहिनींनी त्याला तोंडावर विचारलं होतं. "भाऊजी, तक्रार तुम्ही केलीत?"

"मी? मी कशाला करेन, वहिनी? लोकांना डोळे असतात." आणि त्याच संध्याकाळी चहाच्या दुकानात, वहिनी समोरून जाताना, जरा आवाज चढवून, "कायदा सगळ्यांना सारखा. घरचा असो की दारचा. माणसाने कष्टाने खावं." दुकानातली माणसं वहिनींकडे बघायला लागली. त्या दिवशी वहिनी घरी येऊन रडल्या नाहीत. त्यांनी ते सगळं नीट घडी घालून मनात ठेवलं.

मग वर्षं गेली आणि दिराला लकवा झाला. एका सकाळी बाकावरून उठताना जो पडला, तो उजवा हात लुळा होऊनच उठला. जीभही जड झाली होती, पण ती काही आठवड्यांत सुटली, कारण त्या जिभेला सवयच तेवढी होती. हात मात्र गेला तो गेलाच. कारखान्याला कुलूप लागलं. बाजूला टाकलेलं होतं ते औषधांत गेलं. भिंतीपलीकडे राहणारी धाकटी जाऊ एके दुपारी मागच्या सामाईक गॅलरीतून वहिनींकडे आली आणि पदराशी चाळा करत उभी राहिली.

"ताई, तुम्हाला त्या ऑफिसातलं सगळं माहीत आहे. ह्यांच्या भत्त्याचं काही होईल का?"

ही जाऊ मात्र सोन्यासारखी. वहिनींच्या वाईट दिवसांत हिने नवऱ्याच्या नकळत मागच्या दाराने कितीदा भरलेले डबे सरकवले होते. वहिनी लगेच हो म्हणाल्या. पण जाऊसाठी म्हणाल्या असं कोणी समजू नये. त्यांच्या मनात उकळ्या फुटत होत्या. शेठ भत्त्याच्या रांगेत उभा राहणार होता. खिडकीमागचा पोरगा त्याला खेकसून विचारणार होता, की काम का करत नाही. हे बघायला वहिनी स्वतः पदरमोड करून गेल्या असत्या.

त्या त्याला स्वतः घेऊन गेल्या. मुद्दाम गर्दीच्या वेळी नेलं, मुद्दाम रांगेच्या मधोमध उभं केलं आणि त्याच्या चेहऱ्याकडे बघत राहिल्या. शेठने आरामात आजूबाजूला पाहिलं, शेजारच्याला तब्येत विचारली, आणि खिडकीशी आल्यावर कारकुनाला म्हणाला, "आयुष्यभर कर भरलाय मी. हे काही फुकट नाही, माझंच मला परत मिळतंय. ह्या बाकीच्यांची गोष्ट वेगळी."

बाकीच्यांत वहिनीही उभ्या होत्या. परत येताना बसमध्ये तो म्हणाला, "वहिनी, लोक उगाच लाजतात. हक्काचं घ्यायला लाज कसली?" वहिनी खिडकीबाहेर बघत दात-ओठ खात राहिल्या. ज्याला लाजच नाही, त्याला लाजवायचं कसं? एवढ्या वर्षांचा सूड, आणि फुसका बार निघाला.

काही महिन्यांनी भिंतीपलीकडून ठोकण्याचा आवाज यायला लागला. हळू, चाचपडत, मध्येच थांबून. वहिनींनी कान दिला आणि समजल्या. शेठ डाव्या हाताने खुर्च्या भरत होता. मागच्या दाराने खुर्ची यायची, मागच्या दाराने जायची.

गादीवाल्यांची एक पद्धत असते. ते मूठभर बारीक खिळे तोंडात धरतात. जिभेने एकेक खिळा ओठांशी आणायचा, हातोडीच्या लोहचुंबकाच्या टोकाला चिकटवायचा आणि ठोकायचा. दोन हातांचा माणूस हे न करताही काम भागवतो. एका हाताच्या माणसाला दुसरा हात म्हणजे तोंडच. त्यामुळे शेठ काम करायचा तेव्हा तोंड मिटून असायचा, आणि घरात कधी नव्हे ती शांतता असायची.

वहिनींच्या हातात आयतंच कोलीत आलं होतं. भत्ता खातो आणि चोरून कामही करतो. एक फोन, की संपलं. त्या एकदा नंबर लावून बसल्यासुद्धा. तिकडून सारखं ‘कृपया प्रतीक्षा करा’ येत होतं, आणि प्रतीक्षा करता करता त्यांना जाऊचे डबे आठवले. त्यांनी फोन ठेवला, आणि ठेवल्याबद्दल स्वतःवरच चिडल्या.

पण तपासनीस काही कोणाच्या फोनसाठी थांबत नाही. एका दुपारी एक तरुण बाई वहिनींच्या दारात आली. गळ्यात ओळखपत्र, चेहऱ्यावर दिवसभराचा शीण. "शेजारी लकव्याचे पेशंट राहतात ना? साक्षीला कोणीतरी लागतं, जरा चला माझ्याबरोबर." वहिनी पदर सावरून निघाल्या. दार उघडंच होतं.

शेठ कॉटवर बसला होता. मांडीवर चादर, आणि चादरीखाली हातोडीचा दांडा ज्याला माहीत असेल त्यालाच दिसेल असा. खुर्चीवर कसलंसं जुनं कापड टाकलेलं. जाऊ भिंतीला चिकटून उभी, चेहरा पांढराफटक.

"काका, तुम्ही काही काम करता का?" बाईने विचारलं.

शेठने मान हलवून नाही म्हटलं.

"तोंडाने सांगा. मला ऐकून लिहायचं असतं."

शेठ गप्प. गाल किंचित फुगलेले, ओठ घट्ट मिटलेले, आणि ओठांच्या कडेला लाळ. वहिनींना एका नजरेत कळलं, की तोंडात खिळे आहेत. थुंकायला वेळ मिळाला नव्हता. माणसं मूग गिळून बसतात, इथे खिळे होते आणि ते गिळायची सोय नव्हती.

"हे बोलत का नाहीत?" बाई वहिनींकडे वळली.

शेठने वहिनींकडे पाहिलं. त्या नजरेत पहिल्यांदाच भीक होती. वहिनींनी ती नजर डोळे भरून पाहून घेतली, अजिबात घाई केली नाही. खरं सांगितलं, तर भत्ता जाईल, नावापुढे शिक्का बसेल, फिटंफाट होईल. पण भत्ता गेला तरी शेठची जीभ राहीलच. तो पुन्हा कोपऱ्यावर बसेल, ऑफिसला शिव्या देईल, स्वतःच्या कष्टांच्या कथा सांगेल आणि माणसं माना डोलवतील. उपाशी राहील ती जाऊ.

"मागच्या आठवड्यात दुसरा झटका आला," वहिनी शांतपणे म्हणाल्या. "वाचा गेली त्यांची. आता काही बोलता येत नाही."

बाईला वाईट वाटलं. तिने तसं लिहून घेतलं आणि म्हणाली, "मग भत्ता वाढेल यांचा. डॉक्टरांकडे एकदा दाखवा." ती गेल्यावर शेठने खिळे डाव्या तळहातावर थुंकले आणि विचारलं, "वहिनी, हे काय केलंत?"

"वाचवलं तुम्हाला," वहिनी म्हणाल्या. "आता जपा. बाहेर एक शब्द गेला, तर भत्ताही जाईल आणि फसवल्याचा शिक्काही बसेल. तक्रार करायला एक माणूस पुरतो, भाऊजी. तुम्हाला मी काय सांगायचं?"

डॉक्टरांनी ‘आ’ करायला सांगितलं, तेव्हा शेठ भीतीने असं काही ‘आं’ म्हणाला, की डॉक्टरांची खात्री पटली.

तिथून पुढचे दिवस म्हणजे वहिनींच्या आयुष्यातले सगळ्यात सुखाचे. आहे हे असं आहे. रोज संध्याकाळी त्या दिराला स्वतः चहाच्या दुकानात घेऊन जायच्या. "घरात कोंडल्यासारखं होतं हो त्यांना." त्याच्या नेहमीच्या जागी त्याला बसवायच्या आणि शेजारच्या बाकावर निवडायला भाजी घेऊन बसायच्या. तीच माणसं, तोच वाद. रिटायर झालेला एक कारकून आता शेठच्या तोऱ्यात बोलायचा, आणि बोलायचाही चुकीचं. शेठच्या जिभेवर उत्तर यायचं, मान ताठ व्हायची, हात उचलला जायचा, मग वहिनींची नजर दिसायची आणि तो पुन्हा बशीत बघायला लागायचा. मुका म्हणजे बहिराही, असं लोकांना वाटतंच. ते त्याच्यादेखत म्हणायचे, "ह्यांचं वेगळं हो, ह्यांना खरीच गरज आहे. बिचारा, किती बोलायचा."

बिचारा. वहिनी तो शब्द घरी जाऊन मुलीला पुन्हा सांगायच्या. मुलगी म्हणायची, "आई, आता पुरे कर." वहिनी म्हणायच्या, "तुझं पुरं झालं असेल, माझं नाही."

जाऊ एकदा येऊन म्हणाली, "ताई, ते घरातही बोलेनासे झालेत. तुमच्या खिडकीकडे बघतात आणि गप्प बसतात." वहिनींना वाटलं होतं की हे ऐकून आनंद होईल. झाला. फक्त तो जाऊच्या तोंडून ऐकायला नको होता.

मग एका संध्याकाळी गल्लीच्या टोकाच्या बाईचा विषय निघाला. तिचं पोर अंथरुणाला खिळलेलं, त्याच्यावर तिला भत्ता मिळायचा, आणि तिला कोणीतरी इस्त्रीचे कपडे पोचवताना पाहिलं होतं.

"म्हणजे कमावते," कारकून म्हणाला. "सरळ फसवणूक आहे. उद्या ऑफिसात कळवतोच मी. कोणीतरी जबाबदारी घ्यायला पाहिजे."

शेठ उठून उभा राहिला. काठी पडली, ती त्याने उचलली नाही. आधी सगळ्यांना वाटलं, त्याला घरी जायचंय. पण त्याच्या मानेच्या शिरा ताठ झाल्या होत्या आणि तो कारकुनाकडे बघत होता. बरेच दिवस न वापरलेल्या गळ्यातून घोगरा आवाज निघाला. "मी... मीच..."

दुकानातल्या सगळ्यांनी माना वळवल्या. वहिनींच्या हातातली भाजी तशीच राहिली. हेच ते वाक्य. चार माणसं होती, चारांहून जास्तच होती, आणि तो उभा राहून मोठ्याने बोलणार होता. त्यांना फक्त बसून ऐकायचं होतं. ऐकणाऱ्यांत तो कारकूनही होता, सकाळी उठून ऑफिसात जायला तयारच. वहिनींना त्या क्षणी दिराचा जेवढा राग आला, तेवढा तक्रारीच्या वेळीही आला नव्हता. मेल्याने बोलायला वेळही अशी निवडली, की बोलू देणं म्हणजे जाऊची चूल विझवणं.

त्या ताडकन उठल्या आणि सरळ त्याच्या तोंडावर हात ठेवला. "नका भाऊजी, त्रास होतो तुम्हाला." मग कारकुनाकडे वळून, आवाज न चढवता, "कळवा की तिचं. आणि मग तिच्या पोराला कूस बदलायला रोज तुम्ही जा. मी सगळ्यांना सांगून ठेवते." कारकुनाने चहात तोंड घातलं. कोणीतरी म्हणालं, "बोलायला किती धडपडतोय बिचारा. वहिनी आहेत म्हणून निभावतंय त्याचं."

मागच्या गॅलरीत पोचल्यावर शेठ थांबला. आजूबाजूला कोणी नव्हतं. "बोलू का नाही दिलंत, वहिनी?" तो कुजबुजला. "तेच हवं होतं ना तुम्हाला?"

"हवं होतं."

"मग?"

"बोलला असतात तर तुम्ही सुटला असतात. उपाशी तुमची बायको राहिली असती, आणि तुम्ही मात्र मोकळे. वर लोकांनी म्हटलं असतं, बघा, किती मोठ्या मनाचा माणूस, चूक कबूल केली. एवढं स्वस्तात नाही सोडणार मी तुम्हाला."

शेठचे डोळे भरून आले. लकव्याने एक बाजू ढिली झालेली, त्यामुळे पाणी एकाच गालावरून ओघळलं. त्याने डाव्या हाताने कठडा घट्ट धरला. "इथे तरी ऐका. मीच केली होती तक्रार. तुम्ही त्या फर्निचरवाल्याचं काम घेतलंत, ते मला सहन झालं नाही. पोरीचं शिक्षण गेलं, तेही माझ्यामुळे."

वहिनींनी शब्द न् शब्द ऐकला. एवढी वर्षं ज्याची वाट पाहिली, ते कुजबुजत, चोरासारखं, दोन बंद दारांच्या मध्ये आलं. त्यांनी दाराची कडी काढली.

"मुकी माणसं बोलत नाहीत, भाऊजी," त्या म्हणाल्या आणि आत जाऊन दार लावून घेतलं.

मुलगी नुकतीच दुकानातून आली होती. सुजलेले पाय गरम पाण्याच्या बादलीत सोडून बसली होती.

"कोण बोलत होतं गं बाहेर?" तिने विचारलं.

"कोणी नाही," वहिनी म्हणाल्या.